७०० बीएचपी घालूनही गाडी वळणावर गरकन फिरते? इंजिनला हात लावायच्या आधी हे तपासा

ऑटोमेशन, म्हणजे इंजिन आणि गाडी डिझाइन करायचा कम्प्युटर गेम, खेळणारी गोव्यातली पोरं मला ज्या फायली पाठवतात त्यातल्या बहुतेकांचा रोग एकच असतो. गाडी कागदावर वाघ, ट्रॅकवर म्हैस. आणि पाठवणाऱ्याचा प्रश्न पण ठरलेला, "दादा, बूस्ट अजून किती वाढवू?" बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवायचा नाहीये रे बाबा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार आहे हा, बिघाड टायरपाशी असतो आणि सगळेजण इंजिनच्या टॅबमध्ये ठाण मांडून बसलेले असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळत असतील तरच पुढे वाचा, नाहीतर तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे.

- ०-१०० चा टाइम ४ सेकंदांच्या आसपास अडकलाय, पॉवर ५०० वरून ७०० केली तरी जेमतेम एखाद्या दशांशाने हलतो.
- ट्रिमच्या (गेममध्ये मॉडेलची एक आवृत्ती) आकड्यांत स्पोर्टिनेस ठीक दिसते पण ड्रायव्हेबिलिटी तळाला गेलीय आणि व्हीलस्पिन भरमसाट.
- टेस्ट ट्रॅकचा लॅप टाइम तुमच्याच जुन्या ३५० बीएचपीच्या गाडीपेक्षा फारसा चांगला नाही, कधी कधी तर वाईट.
- गाडी बीमएनजी ड्राइव्हमध्ये (गाडी चालवायचा वेगळा गेम) एक्स्पोर्ट केली की पहिल्याच मोठ्या वळणावर उलट तोंड करून उभी राहते.
- सरळ रस्त्यावर टॉप स्पीड गिअरिंगमध्ये टाकलेल्या आकड्याच्या जवळपास पण जात नाही.

आता एक गोष्ट नीट बघा, बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे: गाडी नेमकी कधी फिरते? वळणातून बाहेर पडताना रेस दिली की फिरते, का वळणात शिरताना ब्रेक मारला की, का ब्रेक-रेस काहीच नसताना जोरात वळवताना? तिन्हींची कारणं वेगळी आहेत. म्हापशाचा माझा आतेभाऊ "फिरते" एवढंच सांगतो आणि मग मला त्याच्याकडून रिप्ले मागवून घ्यावा लागतो. रेसवर फिरत असेल तर टायर, डिफरेन्शियल (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा जोड), टर्बो. ब्रेकवर फिरत असेल तर ब्रेकचं वाटप. नुसतीच फिरत असेल तर सस्पेन्शन नाहीतर एरो (गाडीवरून जाणाऱ्या हवेचा परिणाम). एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

इंजिन शेवटी का, ते पण सांगतो

मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या, साधारण निम्मं वजन मागे, रस्त्याला चांगले धरणारे टायर, म्हणजे ग्रिपचा आकडा समजा १.१. रेस दिल्यावर वजन अजून थोडं मागे सरकतं तेही धरलं तरी हिशोब केला की जास्तीत जास्त ०.७ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) आसपास वेग पकडता येतो. त्या हिशोबाने १०० ला पोचायला ४ सेकंद लागतात. या हिशोबात इंजिन कुठेच आलेलं नाही बघा. तुम्ही ७०० घाला नाहीतर १५०० घाला, टायर जेवढं रस्त्यावर उतरवणार तेवढंच मिळणार, बाकीचा धूर. वर जास्त पॉवरसाठी मोठं इंजिन, मोठा रेडिएटर, जड गिअरबॉक्स, म्हणजे वजन वाढलं आणि वळणात अजून वाट लागली.

सुरू करायच्या आधी ट्रिमची कॉपी काढा आणि जुनी तशीच ठेवा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, मग लॅप टाइम लिहा, मग पुढची. पाच स्लायडर एकदम हलवले आणि दोन सेकंद वाचले तर कशाने वाचले ते ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

फुकटातले चेक

कीबोर्ड. हो, खरंच. बीमएनजीत कीबोर्डवर रेस म्हणजे जवळपास शून्य नाहीतर शंभर टक्के, गेम थोडं स्मूथिंग करतो पण ७०० बीएचपीला ते पुरत नाही. ऑटोमेशनच्या आतला लॅप टाइम चांगला येतोय आणि फक्त बीमएनजीत गाडी फिरतेय असं असेल तर डिझाइनला हात लावू नका, कोणाचा तरी गेमपॅड एक दिवस मागून आणा आणि तीच गाडी चालवून बघा. गेमपॅडवर शांत चालली तर प्रॉब्लेम संपला, घरी जा.

ड्रायव्हिंग एड्स. ट्रिममध्ये एबीएस (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणारा), ट्रॅक्शन कंट्रोल (रेसवर चाक घसरू न देणारा), ईएससी (गाडी फिरू लागली की सावरणारा) निवडता येतात आणि बरेच जण "मला प्युअर गाडी पाहिजे" म्हणून काहीच लावत नाहीत. ठीक आहे, तुमची हौस. पण मग मागचा भाग पळतो अशी तक्रार करू नका. निदान चेक म्हणून तरी एकदा लावून बघा. ट्रॅक्शन कंट्रोल लावल्यावर गाडी सरळ झाली तर दोष रेसवरच आहे हे पक्कं झालं, आणि हे शोधायला एक क्लिक लागली.

वर्ष. गेम १९४६ ते २०२० चा काळ धरतो आणि कुठल्या वर्षी काय तंत्रज्ञान मिळणार ते मॉडेल आणि ट्रिमच्या वर्षावर ठरतं. मागच्या चवथीच्या सुट्टीत फोंड्याच्या एका पोराने फाईल पाठवली, इंजिन आजच्या काळातलं आणि ट्रिम जुन्या सालातली, टायर त्याच जमान्यातले, मग काय होणार. इंजिन, मॉडेल, ट्रिम तिघांची वर्षं एका नजरेत बघून घ्या.

टायर: सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा

माझ्याकडे आलेल्या फायलींतल्या निम्म्याहून जास्त इथेच सुटतात म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, कंपाउंड, म्हणजे टायरचं रबर. स्पोर्ट्स कार आहे आणि टायर मीडियम कंपाउंडचा, कारण सुरुवातीला गेमने जे दिलं तेच ठेवलं. स्पोर्ट्स कंपाउंड करा आणि लॅप बघा. सेमी-स्लिक अजून धरतात पण ती ट्रॅकची गाडी असेल तरच, रस्त्यावरच्या गाडीत त्याने आराम आणि ड्रायव्हेबिलिटी दोन्ही मार खातात, खर्च वाढतो तो वेगळाच.

दुसरं, रुंदी, आणि इथे लोकांचा गोंधळ होतो. चारही टायर सारखेच रुंद केले की सगळं छान होईल असं वाटतं. पण ताकद मागच्या चाकांतून जाते, तीच चाकं रेस पण सांभाळणार आणि वळण पण. टायरची एकूण पकड ठरलेली असते, त्यातली सगळी पुढे ढकलण्यात खर्च झाली की आडवं धरायला काही उरत नाही आणि मागचा भाग बाहेर जातो. म्हणून मागे रुंद, पुढे थोडा कमी. पुढे २४५ तर मागे २९५, असं काहीतरी. पोर्शेने १९७५ ला ९११ टर्बो काढली तेव्हा मागची मडगार्डं एवढी फुगवली ती दिसायला नव्हे, आत रुंद टायर बसवायचे होते. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे आणि टर्बो उशिरा जागा होऊन एकदम लाथ मारणारा, त्यामुळे एवढं करूनही त्या गाडीने भल्याभल्यांना फिरवलं, आणि ती फक्त २६० बीएचपीची होती. तुमची ७०० ची आहे.

मागे जास्तच रुंद केलं तर गाडी फिरायची थांबेल पण वळणार पण नाही, नाक सरळ पुढे जात राहील. गेममधला स्टिअरिंगचा ग्राफ बघत बघत करा, थोडासा अंडरस्टिअर (हेच नाक सरळ जाणं) राहिला पाहिजे, अगदी शून्य नको.

ब्रेक

ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त ब्रेक दिला की ते लॉक होतं आणि लॉक झालेलं मागचं चाक म्हणजे गाडी फिरणारच, पावसात स्कूटरचा मागचा ब्रेक दाबलेल्या कोणालाही हे शिकवायला नको. ब्रेकच्या टॅबमध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकची ताकद आणि टायरची पकड शेजारी शेजारी दिसते. पुढची चाकं मागच्यांच्या थोडी आधी लॉक होतील असं ठेवा. आणि फेड बघा. पहिले दोन लॅप मस्त आणि तिसऱ्यात ब्रेक गायब असेल तर ते गरम होतायत, डिस्क मोठी करा नाहीतर ब्रेक कूलिंगची हवा वाढवा. हवा वाढवली की ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो हे लक्षात ठेवून.

डिफरेन्शियल आणि गिअर

ओपन डिफ (साधा डिफरेन्शियल) असेल तर आधी तो बदला. वळणात आतलं चाक हलकं होतं, ओपन डिफ दोन्हीकडे सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो, हलक्या चाकाला जेवढा झेपतो तेवढाच बाहेरच्यालाही मिळतो, मग आतलं चाक नुसतं फिरत बसतं. गिअर्ड एलएसडी (आतल्या चाकाला नुसतं फिरू न देणारा डिफ) किंवा इलेक्ट्रॉनिक लावा. खर्च वाढतो पण ७०० बीएचपीच्या गाडीत याचे पैसे वाचवून काय करणार आहात.

गिअरिंगमध्ये लोक हौसेने टॉप स्पीड ४०० टाकतात. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते, म्हणजे ५०० बीएचपीला २९० जाणारी गाडी ७०० ला साधारण ३२५ जाईल, ४०० नाही. शेवटचा गिअर ओढलाच जात नाही आणि मधले गिअर उगाच लांब होतात. गाडी हवेमुळे जिथे थांबते त्याच्या किंचित वर गिअरिंग ठेवा, झालं.

सस्पेन्शन

इथून पुढे पैसे कमी लागतात पण डोकं जास्त. आधी गेमचा स्पोर्ट प्रीसेट लावा आणि तिथून हलायला सुरुवात करा, शून्यातून स्वतः जमवायला जाऊ नका. मागून फिरणाऱ्या गाडीला सगळ्यात सोपं औषध म्हणजे मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) मऊ करणं नाहीतर पुढचा कडक करणं. कारण असं की बार कडक केला की त्या अ‍ॅक्सलवर वळणात बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो, आणि भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, कमीच वाढते. म्हणजे ज्या बाजूचा बार कडक त्या बाजूची पकड एकूण कमी. हे एकदा डोक्यात बसलं की सस्पेन्शनचा निम्मा टॅब समजतो.

स्प्रिंग दगडासारखे कडक करून ठेवणारे खूप आहेत, "रेस कार आहे ना". रस्ता जिथे गुळगुळीत तिथे चालतं. पण बीमएनजीत खडबडीत रस्त्यावर चाक हवेत जातं आणि हवेतल्या चाकाला पकड कुठली. गाडी इतकी खाली पण करू नका की सस्पेन्शन तळाला लागेल, तसं झालं की स्प्रिंगचं काम संपतं आणि गाडी एकदम उडते. कॅम्बर (चाकाचा उभा कल) थोडा निगेटिव्ह, म्हणजे वरचा भाग आत, एक-दीड डिग्री, त्याच्या पलीकडे गेलात तर वळणात मिळवलेलं ब्रेकिंगमध्ये आणि सरळ पळताना घालवता.

एरो

ट्रिमच्या आकड्यांत २० मीटर त्रिज्येच्या आणि २०० मीटर त्रिज्येच्या वळणात किती जी मिळतो ते वेगवेगळं दिलेलं असतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, मला तरी याच्याहून चांगला चेक माहीत नाही. २० चा आकडाच कमी असेल तर एरोकडे बघू पण नका, टायर आणि सस्पेन्शनकडे परत जा. २० चा चांगला आणि २०० चा त्याच्यापेक्षा खाली असेल तर वेगात गाडी वर उचलली जातेय, तिथे एरो पाहिजे.

वास्कोच्या एकाने मागे हे एवढं मोठं पंख लावलेलं, आणि अँगलचा स्लायडर शून्याजवळ. दुसऱ्याने अँगल फुल केलेला आणि पुढे काहीच नाही, मग दीडशेच्या वर नाक हलकं. पुढचं-मागचं दोन्ही बघून वाढवा, मागे थोडं जास्त. आणि डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणं) वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे २०० च्या वेगाला १०० किलो दाबणारं पंख ८० ला फक्त १६ किलो दाबतं. हळू वळणात फिरणारी गाडी पंख लावून सुधारत नाही, कितीही मोठं लावा.

कूलिंगची हवा पण याच टॅबमध्ये. कमी ठेवली तर इंजिन गरम, जास्त ठेवली तर ड्रॅग. जास्त पॉवरची किंमत इथे वसूल होते. बुगाटी वेरॉन २००५ मध्ये आली, १००१ हॉर्सपॉवर, आणि ते सांभाळायला १० रेडिएटर लागले.

आता इंजिन

इथपर्यंत सगळं करून पण गाडी रेसवर फिरतेय तरच इंजिन उघडा. आणि उघडलं तरी पीक पॉवरकडे नको, टॉर्कच्या ग्राफकडे बघा. चार हजारापर्यंत काही नाही आणि मग भिंतीसारखा सरळ वर, असा असेल तर तीच लाथ मागची चाकं सोडवते. कॉम्प्रेसर आणि टर्बाइनचा साइज लहान करा, बूस्ट उतरवा. पीकचे ६०-७० बीएचपी जातील, जाऊ द्या, लॅप टाइम बहुतेक वेळा खालीच येतो. टर्बो नसेल तर कॅम प्रोफाइल (व्हॉल्व्ह किती आणि किती वेळ उघडतात ते) बघा, फार वर ठेवलं की खालचे आरपीएम मेलेले असतात.

नॉकची (सिलिंडरमध्ये पेट्रोल आपोआप भडकण्याची) सूचना येत असेल तर आधी कॉम्प्रेशन नाहीतर इग्निशन टायमिंग उतरवा. पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणं सोपं वाटतं पण कॅम्पेनमध्ये (गेममध्ये कंपनी चालवताना) ते पेट्रोल त्या वर्षी बाजारात मिळत नसेल तर गाडी विकणार कोणाला.

आरपीएम वाढवायची हौस असेल तर एक गुणाकार करा: स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) मिलिमीटरमध्ये गुणिले २ गुणिले आरपीएम, भागिले ६०,०००. हा पिस्टनचा सरासरी वेग, मीटर पर सेकंद. होंडा एस२००० चा स्ट्रोक ८४ आणि ९००० आरपीएम, येतात २५.२, आणि ते रस्त्यावरच्या गाडीसाठी खूपच वरचं काम समजलं जातं. मला आलेल्या एका फाईलीत स्ट्रोक १०० आणि आरपीएम ९०००, म्हणजे ३०. मग "इंजिन टिकत नाही" म्हणून रडायचं. क्वालिटी स्लायडर वर नेऊन हे लपवता येतं पण खर्च कुठच्या कुठे जातो.

सगळ्यात कठीण म्हणजे इंजिनची जागा बदलणं, पुढून मधे. वजनाचं वाटप सुधारतं, पण बॉडी, कूलिंग, सस्पेन्शन सगळं पहिल्यापासून. मी हे तेव्हाच सांगतो जेव्हा वजनाचं वाटप खरंच वाकडं आहे, नुसतं "मिड-इंजिन भारी दिसतं" म्हणून नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

सगळे चेक करून लॅप टाइम दोन-चार दशांशाने इकडे तिकडे होतोय, तिथे थांबा. ती गाडी झाली. अजून पाहिजे असेल तर नवीन डिझाइन करा.

गेम उघडताच बंद पडतोय, सेव्ह फाईल लोड होत नाहीये, एक्स्पोर्ट अर्ध्यात मरतंय, हे डिझाइनचे दोष नाहीत, स्लायडर हलवून सुटणार नाहीत. स्टीमवर फायली व्हेरिफाय करा, मॉड सगळे काढून बघा, तरी तेच असेल तर लॉग फाईल गेम बनवणाऱ्यांना पाठवा, आणि सेव्हचा फोल्डर आधी दुसरीकडे कॉपी करा.

टेस्ट चालू असताना आख्खा पीसीच बंद होतोय तर कॅबिनेटची धूळ साफ करा, फॅन फिरतायत का बघा, तिथपर्यंत तुमचं काम. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिने ओल, कनेक्टर गंजतात, पॉवर सप्लाय मरतो. पॉवर सप्लायचा डबा स्वतः उघडायचा नाही, प्लग काढल्यावर पण आतल्या कपॅसिटरमध्ये करंट असतो. दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आणि डिचोलीतल्या त्या दोघा-तिघांसाठी, ज्यांनी मला विचारलं की हेच कॅम्बर-बिंबर आपल्या खऱ्या गाडीला करून चोर्ला घाटात बघू का. नाही. गेममध्ये गाडी फिरली की रीसेट असतो, घाटात समोरून ट्रक असतो. खरी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढतेय, मागून सरकतेय, टायर एकाच कडेने झिजतायत, असं काही असेल तर चालवणं बंद करा आणि अलाइनमेंट करणाऱ्या मेकॅनिककडे न्या, तो लिफ्टवर घेऊन बुश आणि बॉल जॉइंट हाताने हलवून बघेल, ते फोटोवरून मला कळणार नाही. गेमची फाईल मात्र पाठवत जा, फक्त सोबत गाडी कधी फिरते तेवढं लिहा: रेसवर, ब्रेकवर, का नुसतीच.